गच्चीवरचे तीस मोल

आमच्या इमारतीच्या सभेत जो सगळ्यांत शेवटी बोलतो त्याच्या गळ्यात काम पडतं. हा नियम कुठे लिहून ठेवलेला नाही, पण आठ बिऱ्हाडांपैकी सात बिऱ्हाडांना तो तोंडपाठ आहे. आठवं बिऱ्हाड माझं.

त्या मंगळवारच्या सभेचा विषय होता गरम पाणी. आमच्या गच्चीवर सगळ्या इमारतीचा मिळून एक बॉयलर आहे. त्याच्या पोटात ऐंशी फूट नळी वेटोळं घालून बसलेली आहे. त्या नळीतून पाणी फिरतं, तापतं आणि मग घरोघरी उतरतं. आमच्याकडचं पाणी मात्र असं जड, की त्याने कपाळ धुतलं तरी नशीब पांढरं पडावं. बारा वर्षांत त्या नळीच्या आत क्षारांचा थर साचत साचत एवढा जाड झाला, की चौथ्या मजल्यावर, म्हणजे आमच्या न्हाणीघरात, गरम पाण्याची धार सुतळीवरून दोऱ्यावर आणि दोऱ्यावरून थेंबांवर आली होती.

प्लंबरने सभेपुढे निदान मांडलं. हा माणूस बोलतो कमी आणि 'च्' जास्त करतो. त्याने एकंदर तीन वेळा 'च्' केलं आणि म्हणाला, "कॉइल गेली. बदलावी लागणार. नवी बसेपर्यंत तीन आठवडे."

"वेळच्या वेळी खरवडून घेतलं असतं तर ही वेळ आली नसती," तळमजल्यावरचे दंतवैद्य म्हणाले. "दातावर कीटण चढतं ना, तसंच आहे हे." दंतवैद्यांना जगातल्या सर्व अडचणी ब्रश न केल्यामुळे आलेल्या वाटतात.

खालच्या मजल्यावरच्या विमावाल्यांनी बॉयलर उलटा लटकवून काठीने झोडपावं असं सुचवलं. ते कुणी मनावर घेतलं नाही, कारण विमावाल्यांच्या सूचनेत शेवटी कुणाला तरी भरपाई मिळण्याची सोय असते. मग मी उभा राहिलो.

उभं राहण्याचं कारण सांगितलं पाहिजे, नाहीतर मला लोक हौशी समजतील. कारण माझे वडील होते. नाना ब्याऐंशी वर्षांचे. चाळीस वर्षं त्यांनी शिंप्याचा धंदा केला, मशिनचं पायडल मारून गुडघे झिजवले, आणि आता त्या गुडघ्यांना रोज सकाळी आठला कढत पाणी लागतं. महिनाभर माझी बायको गॅसवर दोन पातेली चढवत होती आणि मी ती न्हाणीघरापर्यंत वाहत होतो. वाटेत निम्मं पाणी माझ्या पायावर पडे, त्यामुळे घरात गुडघे एकाचे शेकायचे आणि पावलं दुसऱ्याची. शेवटी सोमवारी नानांनी जाहीर केलं, "मी धाकट्याकडे जातो. रविवारी तो गाडी घेऊन येतोय न्यायला."

धाकटा म्हणजे माझा भाऊ. इंजिनिअर आहे. त्याच्या घरी प्रत्येक न्हाणीघराला वेगळा गीझर आहे आणि एका न्हाणीघरात बसायला स्टूलसुद्धा आहे. वडिलांनी धाकट्या मुलाकडे जाणं यात गैर काहीच नाही. पण वडिलांनी थोरल्याचं घर सोडून पाण्यासाठी धाकट्याकडे जाणं, ही गोष्ट नातेवाइकांत तीन पिढ्या पुरते. आणि त्याहून वाईट म्हणजे परत कधी येणार ते नाना बोलले नव्हते. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "बघू."

म्हणून मी उभा राहिलो आणि म्हणालो, "हे क्षार म्हणजे दुसरंतिसरं काही नसून कॅल्शिअम कार्बोनेट आहे. ते आम्लात विरघळतं. किती क्षाराला किती आम्ल लागेल हे अगदी ग्रॅमपर्यंत काढता येतं. अंदाजपंचे नाही, गणिताने. त्याला स्टॉइकिओमेट्री म्हणतात."

सभेतल्या लोकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं लोक लग्नात अचानक गायला लागलेल्या काकांकडे पाहतात. सचिवांनी पेन वर धरलं. हे सचिव निवृत्त हेडक्लार्क. घरात सुद्धा मीठ लागलं तर बायकोकडे तोंडी मागत नसावेत.

"'काढता येतं' असं लिहू, की 'काढून देतो' असं लिहू?" त्यांनी विचारलं.

मी उत्तर देण्याआधीच सात बिऱ्हाडांनी टाळ्या वाजवल्या.

इतिवृत्त दुसऱ्या दिवशी फलकावर लागलं. माझी एक तांत्रिक उपसमिती नेमली गेली होती, आणि तिचा अध्यक्ष, सदस्य आणि निमंत्रक असा मीच होतो. अटी तीन होत्या. एक, काम रविवारी सकाळी नऊ ते बारा या वेळेत व्हावं. दोन, त्या वेळात कोणत्याही सभासदाने गरम पाण्याचा नळ उघडू नये, तशी लेखी हमी प्रत्येकाने द्यावी. तीन, गच्चीवर कोणताही द्रव सांडता कामा नये. खाली टीप होती, की उपसमितीला अपयश आल्यास प्लंबर सोमवारपासून नळी बदलायला घेईल आणि तीन आठवडे गरम पाणी पूर्ण बंद राहील.

नानांनी तो कागद चष्मा वर करून वाचला. "तीन वर्षं शिकलास ते हेच ना रसायन?"

"हो नाना."

"त्याचा घराला आजवर काय उपयोग झाला?"

मी आठवून पाहिलं. बी.एस्सी. झाल्यापासून मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कार्यालयात आहे. तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करताना आवर्तसारणीची गरज पडत नाही. एकदा मी बायकोला फरशी पुसायची दोन औषधं एकत्र करू नकोस म्हणून बजावलं होतं, पण ते बाटलीवरही छापलेलं असतं.

"आता होईल," मी म्हणालो.

"बघू," नाना म्हणाले. हा त्यांचा आठवड्यातला दुसरा 'बघू'.

गणिताला पहिली गोष्ट लागते ती म्हणजे नळीत क्षार किती आहेत ते. नळी बॉयलरच्या पोटात, क्षार नळीच्या पोटात. पण मागच्या वर्षी प्लंबरने त्याच नळीचा एक फुटाचा सडलेला तुकडा कापून काढला होता आणि सचिवांनी तो 'पुरावा' म्हणून इमारतीच्या कपाटात ठेवला होता. मी तो मागितला.

"अर्ज?" सचिव म्हणाले.

"अहो, उपसमिती मीच आहे."

"म्हणूनच. उपसमितीने सचिवांना अर्ज करायचा. उद्या तुकडा हरवला तर?"

"एक फूट सडकी नळी कोण नेणार?"

"तुम्ही नेताय ना," सचिव म्हणाले. मी अर्ज केला. अर्जावर त्यांनी 'तुकडा सुस्थितीत परत करणे' असा शेरा मारला. सुस्थितीत तो कापला तेव्हाही नव्हता.

घरी आणून मी तो तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला, पेचकस घालून आतला सगळा क्षार खरवडला आणि वजन करायला सोनाराकडे गेलो, कारण किराणा दुकानाच्या काट्यावर माझा विश्वास नव्हता. सोनाराने पुडी उघडली, पांढरी भुकटी पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं आणि दुकानाचा दरवाजा अर्धा लावून घेतला.

"हे काय आहे?"

"नळीतून काढलंय."

"कुणाच्या?"

बराच वेळ खुलासा केल्यावर त्याने काट्यावर ठेवलं. साडेसदतीस ग्रॅम. एका फुटाला साडेसदतीस, तर ऐंशी फुटांना तीन हजार. बरोबर तीन किलो! आकडा इतका गोल आला, की परमेश्वरही माझ्याच कॉलेजात असावा असं वाटून गेलं.

त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. मुलगी अकरावीला आहे, ती समोर तिचा अभ्यास करत होती. नाना त्यांच्या खुर्चीत. बायको भाजी निवडत होती आणि ऐकत नसल्याचं दाखवत होती. मी मोठ्याने हिशेब मांडायला लागलो, कारण मनातल्या मनात बरोबर येण्यात काय मजा?

"कॅल्शिअम कार्बोनेटचा एक मोल म्हणजे शंभर ग्रॅम. तीन किलो म्हणजे तीस मोल."

"मोल म्हणजे?" बायकोने विचारलं. ऐकत होती तर.

"डझन असतो ना, तसा. फक्त डझनात बारा, आणि यात मोजता येणार नाहीत इतके कण. आम्ल म्हणून आपण लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, घेणार. ते घातक नाही, वास नाही. त्याचा एक मोल एकशे ब्याण्णव ग्रॅम. तीस मोल क्षाराला तीस मोल लिंबूसत्व, म्हणजे पाच किलो सातशे साठ."

मुलीने वहीतून डोकं वर काढलं. "बाबा, समीकरण समतोल केलंस का?"

"काय?"

"एकास एक नाहीये ते. क्षाराचे तीन मोल आणि लिंबूसत्वाचे दोन. तीसला वीस लागतील. तीन किलो आठशे चाळीस ग्रॅम."

सत्तावीस वर्षांपूर्वी याच चुकीसाठी माझे सहा गुण गेले होते, हे मी तिला सांगितलं नाही. "तुझी परीक्षा घेत होतो," मी म्हणालो.

"तीनास दोन म्हणजे कसं?" बायको म्हणाली.

मी तोंड उघडलं, पण नाना आधी बोलले. "अगं, शर्टासारखं. एका शर्टाला दोन बाह्या, एक कॉलर. साठ बाह्या असतील तर कॉलर तीसच बेतायच्या. साठ कॉलर बेतल्यास तर शर्ट तीसच होणार, उरलेल्या कॉलर काय गळ्यात बांधून फिरायच्या? आणि कॉलर वीसच निघाल्या, तर बाह्या कितीही असोत, शर्ट वीस. जे आधी संपलं तिथे काम संपलं."

"आजोबा," मुलगी म्हणाली, "आमच्या सरांना हे आठ दिवस सांगता येत नाहीये."

"सरांनी कापड बेतलेलं नसणार." नाना माझ्याकडे वळले. "शिंपी आधी विचारतो ते विचारलंस का?"

"काय?"

"कापून-शिवून झाल्यावर तयार काय होणार आणि खाली काय पडणार. तू नुसतं कापड किती आणायचं तेवढंच काढतोयस."

"नाना, हे कापड नाही," मी जरा हसून म्हणालो. ते हसू मला नंतर फार महागात पडलं. "क्षार विरघळले की गेले. पाण्याबरोबर वाहून जातील."

मुलगी काहीतरी बोलणार होती, पण मी कागदाची घडी घातली आणि जेवायला वाढायला सांगितलं.

रसायनांच्या दुकानात लिंबूसत्वाची एक-एक किलोची पाकिटं होती. "चार घ्या," दुकानदार म्हणाला.

"तीन किलो आठशे चाळीस ग्रॅम द्या."

"चौथं पाकीट फोडून एकशेसाठ ग्रॅम मी काय करू?"

"तो तुमचा प्रश्न. माझ्या समीकरणात ते बसत नाही."

त्याने चारही पाकिटं पुढे सरकवली. शेवटी मी चार पाकिटं घेतली आणि घरी येऊन चौथ्यातून एकशेसाठ ग्रॅम मोजून बाजूला काढले. बायकोने ते न विचारता बेसिन घासायला वापरून टाकले. बेसिन आरशासारखं झालं, आणि माझा आत्मविश्वास नको तितका वाढला.

रविवारी नऊच्या ठोक्याला निम्मी इमारत गच्चीवर हजर होती. सचिव हमीपत्रांचा गठ्ठा घेऊन आले होते. प्लंबर भिंतीला टेकून 'च्' करत होता. दंतवैद्य पांढऱ्या कोटातच आले. रविवारी सकाळी त्यांचा दवाखाना उघडा असतो. खाली खुर्चीत एका पेशंटच्या तोंडात कवळीच्या मापाचं लुकण भरून, "हलू नका, दोन मिनिटांत येतो," असं सांगून ते प्रयोग पाहायला वर आले होते. नाना खाली घरात, न्हाणीघराच्या दारापाशी खुर्ची टाकून बसले होते. आज पातेली चढवायची नाहीत, आंघोळ नळाच्या पाण्यानेच होईल, असं मी सकाळी जाहीर केलं होतं. "बघू," म्हणून त्यांनी खांद्यावर टॉवेल टाकला होता.

प्लंबरने थंड पाण्याची चावी बंद केली. मी बादल्यांत लिंबूसत्व कढत पाण्यात विरघळवलं, कारण उष्णतेने अभिक्रिया जोरात होते. वरच्या तोंडातून नरसाळ्याने ओतायला सुरुवात केली. दुसरी बादली संपते न संपते तोच बॉयलरच्या पोटातून असा आवाज आला, जसा जेवल्यावर पाहुण्यांसमोर येऊ नये.

"लागू पडलं!" दंतवैद्य ओरडले.

बॉयलरच्या डोक्यावर हवा जायला एक बारीक उभी नळी आहे. तिच्यातून पांढरा फेस वर आला, टोपी घातल्यासारखा थांबला आणि मग फस्स करून चारी बाजूंना ओघळायला लागला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात वर करून त्यांचा स्वीकार केला. फेस वाढतच गेला. गच्चीच्या फरशीवरून वळणं घेत घेत तो सचिवांच्या चपलेपर्यंत पोहोचला.

सचिवांनी इतिवृत्त उघडलं. "अट तीन. कोणताही द्रव सांडता कामा नये."

"हा द्रव नाही, फेस आहे," मी म्हणालो. "द्रवात वायू."

"म्हणजे द्रव आहेच." कायद्याचा माणूस तो, शब्दात सापडायचा नाही. मी खाली वाकून तिसरी बादली उचलेपर्यंत त्यांनी पाण्याच्या टाकीचं एक जुनं लाकडी बूच शोधून काढलं, त्या उभ्या नळीच्या तोंडात बसवलं आणि चपलेने दोन ठोके दिले. फेस थांबला. बुचाच्या कडेने नुसतं सूं सूं होत राहिलं. शेवटच्या बादल्या ओतून मी वरचं तोंड आवळून बंद केलं. हळूहळू पोटातला गुरगुराटही मंदावला आणि शांतता झाली.

ती शांतता मी चुकीची वाचली. "अभिक्रिया पूर्ण झाली," मी म्हणालो. घड्याळात अकरा वाजले होते. "आता तळाची चावी उघडा. सगळे क्षार वाहून जातील."

प्लंबरने चावी उघडली. काही आलं नाही. त्याने ती पूर्ण फिरवली. चावीच्या तोंडातून पांढऱ्या गंधासारखा एक लोळ बोटभर बाहेर आला आणि तिथेच लटकून राहिला.

"टूथपेस्ट!" दंतवैद्य भारावून म्हणाले.

प्लंबरने 'च्' केलं नाही.

"बाबा," पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बसलेली मुलगी म्हणाली. तिच्या मांडीवर वही होती. "त्या दिवशी मी हेच सांगणार होते. आपण आत काय जातं ते काढलं. बाहेर काय येतं ते काढलंच नाही."

"काय येतं?"

"तीन मोल क्षारातून एक मोल कॅल्शिअम सायट्रेट. ते पाण्यात फारसं विरघळत नाही. कढत पाण्यात तर आणखी कमी. आणि ते स्वतःबरोबर पाणी धरून बसतं. धरून त्याचा मोल पाचशे सत्तर ग्रॅम. आपले दहा मोल." तिने पेन्सिल टेकवली. "पाच किलो सातशे ग्रॅम."

मी तिच्या वहीकडे पाहिलं. गणित बरोबर होतं. तीन किलो क्षार काढायला निघालेल्या उपसमितीने, इमारतीच्या लेखी परवानगीने, त्याच नळीत पावणेसहा किलो नवा साका भरला होता.

"म्हणजे जवळजवळ दुप्पट," सचिव म्हणाले आणि लिहून घेतलं.

तेवढ्यात माझा फोन वाजला. धाकटा. "दादा, निघालोय. अर्ध्या तासात पोचतो. नानांना तयार राहायला सांग. त्यांची खोलीपण लावून ठेवलीय, खिडकीपाशी. तुझा प्रयोग कसा चाललाय?"

"उत्पादन अपेक्षेपेक्षा जास्त आहे," मी म्हणालो आणि फोन ठेवला.

खिडकीपाशी! आमच्याकडे नानांची खुर्ची न्हाणीघरापाशी होती. मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभा राहिलो. विमावाले जवळ येऊन खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, "अशा प्रसंगासाठी एक चांगली योजना आहे आपल्याकडे." माझं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. मुलगी पुन्हा काहीतरी लिहीत होती.

"अजून काय निघतंय?"

"वायू. तीन मोलांना तीन. म्हणजे तीस मोल. खोलीच्या तापमानाला एक मोल चोवीस लिटर. सातशे वीस लिटर. आपल्या या दहा लिटरच्या बादल्या आहेत ना, तशा बहात्तर. फेसाबरोबर निम्मा गेला असेल. उरलेला कुठाय?"

आम्ही दोघांनी एकाच वेळी त्या लाकडी बुचाकडे पाहिलं. बूच सूं सूं करायचं थांबलं होतं. साका तिथेही पोहोचला होता.

आता नियमाप्रमाणे काय घडायला हवं होतं, तर मी सर्वांना दूर करून, बूच सावकाश सैल करून, संकट शास्त्रोक्त टाळायला हवं होतं. पण नेमक्या त्याच वेळी तळमजल्यावर, दवाखान्याच्या खुर्चीत दोन तास तोंड वासून बसलेल्या पेशंटचा धीर सुटला. लुकण तोंडात दगडासारखं घट्ट झालं होतं. बिचारा उठला, बेसिनपाशी गेला, आणि कोमट पाण्याने सुटेल या आशेने त्याने गरम पाण्याचा नळ पूर्ण उघडला. त्याच्याकडून कुणी हमीपत्र घेतलं नव्हतं. तो सभासदच नव्हता.

बॉयलर आधी थरथरला. मग नळ्यांतून कुणीतरी मोठ्ठा घास गिळल्यासारखा आवाज वरून खाली धावत गेला. तीन सेकंदांनी तळमजल्यावरून, तोंडात लुकण असताना माणूस जितक्या जोरात ओरडू शकतो तितक्या जोरात एक ओरडणं आलं.

"माझा पेशंट!" दंतवैद्य जिन्याकडे धावले.

मला मात्र त्या आवाजात वेगळंच काही ऐकू आलं होतं. साका हलला होता. अडकलेल्या वायूने त्याला पुढे ढकललं होतं. मी ज्या दोन गोष्टींचा हिशेब करायला विसरलो होतो, त्यातली एक दुसरीला बाहेर काढत होती.

"सगळे नळ उघडा!" मी ओरडलो. "प्रत्येक घरातला गरम नळ! साका पुन्हा बसायच्या आत! आणि थंड पाण्याची चावी सोडा!"

"अट दोन..." सचिव म्हणाले.

"दुरुस्ती मांडतो!"

"अनुमोदन?"

"माझं!" प्लंबर चावी फिरवता फिरवता म्हणाला. तोही सभासद नव्हता, पण सचिवांनी जिना उतरता उतरता ते लिहून घेतलं.

सगळे आपापल्या घरात पळाले. मी चौथ्या मजल्यावर घुसलो, नानांच्या खुर्चीला वळसा घालून न्हाणीघरात गेलो आणि नळ उघडला. काही आलं नाही. मी खाली वाकून नळाच्या तोंडात पाहिलं.

रसायनशास्त्रात नळाच्या तोंडात पाहू नये असं कुठे सांगितलेलं नाही. ते सांगायला हवं.

पावणेसहा किलोंची आठ घरांत समान वाटणी धरली तर आमच्या वाट्याला सातशे बारा ग्रॅम येतात. त्यातले निदान दोनशे माझ्या चेहऱ्यावर आले. नळ खोकला, थुंकला, पुन्हा खोकला. भिंतीवर, आरशावर, बायकोच्या वाळत घातलेल्या गाऊनवर पांढरे गोळे बसले. मग पातळ ताक आलं. मग गढूळ पाणी. आणि मग, मी डोळे पुसेपर्यंत, मनगटाएवढी जाड, पारदर्शक धार बादलीच्या तळावर अशी आदळली, की बादली हलली. प्लंबरने बॉयलर पेटवला आणि दहा मिनिटांत त्या धारेतून वाफ निघायला लागली.

खालच्या मजल्यांवरून एकापाठोपाठ एक ओरडणी ऐकू येत होती, पण त्यांचा सूर हळूहळू बदलत गेला. "आलं!" "आमच्याकडे पण आलं!" दंतवैद्यांनी खालूनच कळवलं, की पेशंटचं लुकण साक्याच्या माऱ्याने आपोआप सुटलं, कवळीचं माप उत्तम आलंय, आणि हा पांढरा पदार्थ निरुपद्रवी आहे, लोक याच्याच गोळ्या विकत घेऊन खातात. विमावाल्यांच्या बायकोने आपल्या वाट्याचा साका डब्यात भरून ठेवल्याचं मागाहून कळलं. फेकून द्यायला जिवावर आलं म्हणे.

नाना खुर्चीतून उठले. दारातून त्यांनी आधी धारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पुतळ्याचं प्लॅस्टर अर्धवट काढल्यासारखा दिसत असणार. मी वाट पाहत होतो. काहीतरी म्हणतील. सत्तावीस वर्षांनी एखादा शब्द.

"बाजूला हो," नाना म्हणाले, आत गेले आणि कडी लावली.

पाचच मिनिटांनी धाकटा आला. हातात गाडीची किल्ली, अंगात इस्त्रीचा शर्ट. मला पाहून तो दारातच थबकला. "दादा, रंगकाम काढलंय का?"

"तांत्रिक काम होतं," मी म्हणालो.

बायकोने त्याला पाणी दिलं. तो बसला. आतून धो धो पाण्याचा आवाज येत होता आणि मधेच तांब्याचा. पंधरा मिनिटं झाली. वीस झाली. पंचविसाव्या मिनिटाला नाना आत काहीतरी गुणगुणतायत असं ऐकू आलं. त्यांना गाताना मी कधी ऐकलं नव्हतं. ते गाऊ शकतात याची मला कल्पनाही नव्हती. धाकटा घड्याळ पाहत उठला आणि दारावर टकटक केलं.

"नाना, निघायचं ना?"

पाणी थांबलं. "कोण, धाकटा? तू हो पुढे."

"पुढे कसा होऊ? तुम्हाला न्यायला तर आलोय. खोली लावलीय तुमची."

"अरे, पण माझी आंघोळ चाललीय."

"मग थांबतो मी."

"नको थांबूस, वेळ लागेल मला."

"किती वेळ नाना?"

आत नळ पुन्हा पूर्ण सुटला आणि त्या आवाजावरून नानांचा आवाज आला. "ते दादाला विचार. हिशेब त्याचे बरोबर असतात."

धाकट्याने माझ्याकडे पाहिलं. मी कानातला साका पुसला आणि भिंतीवरचं कॅलेंडर काढायला उठलो.